उणे तापमानात ड्रोन: हिवाळी स्पितीला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

महाराष्ट्रात ड्रोन शिकलेल्या माणसाची थंडी म्हणजे जानेवारीतलं महाबळेश्वर. वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे त्याची बातमी होते. तोच ड्रोन आणि त्याच सवयी घेऊन फेब्रुवारीत हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझा-किब्बरला पोहोचलं, की रात्री उणे २० च्या खाली जाणारा पारा आणि विरळ हवा दोन्ही एकदम अंगावर येतात. उदाहरण स्पितीचं घेतलंय, कारण बर्फ बघायला निघालेले आपल्याकडचे बरेच ग्रुप तिकडे जातात. मनाली, गुलमर्ग किंवा थेट कॅनडा-नॉर्वेत राहणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

थंडीतले बिघाड मुख्यतः दोन जागी होतात. उड्डाणाच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत गार बॅटरीमुळे, आणि परत आल्यावर उबदार खोलीत ओलाव्यामुळे. म्हणून या दोन्हींवर जास्त लिहिलंय, बाकीचं भराभर उरकलंय.

पायरी १: निघण्याआधी नियम आणि आकडे बघा

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि त्याला बऱ्याच सवलती आहेत. म्हणून ‘आपला तर मिनी आहे, कुठेही उडवू’ असा समज पसरलाय. तो काढून टाका. सरकारच्या ड्रोन नकाशावरचा लाल, म्हणजे उड्डाणबंदीचा, पट्टा नॅनोलाही लाल असतो. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे स्पितीत शिमला-किन्नौरमार्गेच शिरावं लागतं आणि तो रस्ता नाको, सुमदोच्या बाजूने तिबेट सीमेच्या बराच जवळून जातो. त्या टप्प्यात ड्रोन बॅगेतच राहू द्या. बाकी ठिकाणी त्या दिवशीचा हा नकाशा (डिजिटल स्काय) बघायचा. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत मुभा असते.

किब्बरची गोष्ट आणखी वेगळी. गावाभोवती अभयारण्य आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढायचा नाही. परवानगीचा मुद्दा क्षणभर सोडला, तरी हिमबिबट्यामागे ड्रोन लावणं हा निव्वळ आचरटपणा आहे. पात्यांच्या आवाजाने भरलांचा (हिमालयातल्या निळ्या मेंढ्यांचा) कळप कड्यावरून उधळतो, आणि ज्यांनी पहाटेपासून दुर्बिणीला डोळे लावलेत त्यांचाही दिवस वाया जातो.

आता उंची. काझा साधारण ३,६५० मीटरवर आहे, किब्बर ४,२०० च्याही वर. डीजेआयच्या मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रोसाठी कंपनीने दिलेली कमाल उंची ४,००० मीटर आहे, तीही साध्या बॅटरीवर. जास्त क्षमतेची जड प्लस बॅटरी लावली तर ३,०००. एअर ३ आणि मॅव्हिक ३ ला ६,००० मीटर दिलेत. म्हणजे मिनी काझात बसतो, किब्बरमध्ये त्याच्या मर्यादेबाहेर जातो. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरते. तेवढंच वजन उचलायला मोटर जास्त वेगाने फिरवावी लागते आणि बॅटरी लवकर संपते.

तापमानाचीही मर्यादा आहे. या सगळ्या मॉडेलांना कंपनी उणे १० ते ४० अंश देते. उणे २० पर्यंत चालणारे, बॅटरी आपली आपण तापवणारे मॅट्रिस ३०० सारखे मोठे ड्रोन असतात, पण ते टूरवर नेण्याची वस्तू नाहीत.

पायरी २: सामान

नेहमीच्या सामानात एवढी भर घाला: प्रोपेलरचे दोन जादा संच आणि त्यांचे नवे स्क्रू, ड्रोन आरामात मावेल अशा जाड झिपलॉक पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या, मऊ कोरडा ब्रश, रबरी ब्लोअर, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, प्लॅस्टिकचा चिमटा, गडद रंगाचं लँडिंग पॅड. शक्य असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ठेवा. मेडिकलमध्ये मिळतं त्यात बहुतेकदा पाणी बरंच असतं. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. मात्र ते ज्वलनशील आहे, विमानात नेऊ नका. ते घरच्या दुरुस्तीसाठी.

सुटे भाग निघण्याआधीच घ्यायचे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांवर ती नाही, पण ते यायला वेळ लागतो. काझात प्रोपेलर मिळेल या भरवशावर जाऊ नका.

सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही.

पायरी ३: बॅटरी उबदार ठेवा

थंडीत खोबरेल तेलाची भरलेली बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. बॅटरीचं तसंच होतं. चार्ज आत असतो, पण रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि मोटरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं.

स्क्रीनवर ते असं दिसतं. ९७ टक्के बघून तुम्ही टेक ऑफ करता आणि कौतुकाने डावी स्टिक पूर्ण वर ढकलता. बॅटरीतल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज ४.१ वरून सरळ ३.४ वर येतं, लाल सूचना झळकते, टक्के धडाधड उतरायला लागतात. व्होल्टेज आणखी पडलं तर ड्रोन तुमचं न ऐकता आहे तिथेच उतरायला लागतो, मग खाली नदी असो की दरी. बॅटरी खराब नसते. ती फक्त गार असते.

उपाय साधा आहे, पाळायचा कंटाळा येतो एवढंच. बॅटऱ्या रात्री तुमच्यासोबत पांघरुणात झोपतात. सकाळी त्या जॅकेटच्या आतल्या खिशात जातात. बाहेरच्या खिशात ठेवून उपयोग नाही. बॅटरीचं तापमान २० अंशांच्या वर राहील असं बघा. ड्रोनमध्ये ती उड्डाणाच्या अगदी आधी घालायची. आधी बॅटरी घालून मग फ्रेम शोधत बसणाऱ्याची ऊब तिथेच संपते.

हात शेकायच्या पुड्या वापरायच्या तर पुडी आणि बॅटरीमध्ये एखादा मोजा ठेवा, एका जागी जास्त उष्णता नको. गाडीच्या हीटरच्या झोतासमोर, बुखारीवर (खोली तापवायच्या लोखंडी शेगडीवर) किंवा गरम पाण्याच्या पिशवीला चिकटवून बॅटरी तापवू नका. आणि सगळ्या बॅटऱ्या पूर्ण भरलेल्याच न्या. घरी अर्धी बॅटरी असेल तर अर्धा वेळ तरी उडते. गारठ्यात तिचं व्होल्टेज आधीच कमी असल्यामुळे पहिल्याच झटक्यात ती मान टाकते.

फोनचंही हेच. आयफोनसाठी कंपनी ० ते ३५ अंश सांगते, इतर फोनही उण्यामध्ये अचानक बंद पडतात. उड्डाणाच्या मध्येच फोन गेला तर घाबरू नका. रिमोट चालू असतो, स्टिक काम करतात, रिटर्न टू होमचं बटण रिमोटवरच असतं. ते कुठे आहे हे हातमोजे घालून न बघता सापडतं का, ते हॉटेलवरच करून पाहा.

पायरी ४: वेळ आणि जागा

फोटोग्राफरला सूर्योदय हवा असतो, ड्रोनला नको असतो. पहाटे पारा तळाला असतो. दुपारनंतर स्पितीच्या खोऱ्यात वारा उठतो, तोही जोरदार. ऊन खोऱ्यात उतरल्यापासून दुपारच्या आतपर्यंत, साधारण साडेनऊ ते बारा, हा नवख्यासाठी बरा काळ. सोनेरी उजेड हुकतो खरा, पण ड्रोन घरी येतो.

धुकं किंवा ढग असेल आणि पारा शून्याखाली असेल, तर उडवायचंच नाही. हवेतले अतिगार थेंब पात्याच्या पुढच्या कडेवर आपटून तिथेच गोठतात, पात्याचा आकार बिघडतो आणि उचल कमी होते. मोटरचा आवाज बदलला, चित्र थरथरायला लागलं, एका जागी उभं राहायलाही जास्त बॅटरी जातेय असं दिसलं, की शॉट सोडून लगेच खाली या. स्पिती कोरडी आहे, तिथे हे कमी होतं. मनाली-गुलमर्गच्या दमट थंडीत जास्त सांभाळा.

टेक ऑफ भुसभुशीत बर्फावरून नको: पात्यांच्या झोताने बर्फ उडतो आणि गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरच्या जोडणीत), मोटरमध्ये शिरतो. पाय आपटून बर्फ दाबून घ्या, वर पॅड अंथरा, कोपऱ्यांवर दगड ठेवा. जीपच्या बॉनेटवरून उडवायचा मोह सगळ्यांनाच होतो. बॉनेट लोखंडी असतं आणि कंपास बिघडवतं.

पायरी ५: पहिली दोन मिनिटं

१. ड्रोन सुरू करा, गिंबलचं कव्हर काढलंय ना ते बघा. थंडीत हे विसरलं तर आधीच कडक झालेल्या गिंबलवर दुहेरी ताण येतो.

२. जीपीएस पुरेसं मिळून होम पॉइंट नोंदला जाईपर्यंत थांबा.

३. दोन मीटरवर नेऊन तिथेच एक-दीड मिनिट उभा ठेवा. करंट वाहायला लागला की बॅटरी स्वतःच तापते.

४. अ‍ॅपमध्ये बॅटरीची माहिती उघडून प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघा. दोन सेलमध्ये ठळक फरक दिसला किंवा नुसत्या होव्हरमध्येच आकडा ३.६ च्या खाली रेंगाळला, तर उतरवा आणि दुसरी बॅटरी घ्या.

५. सगळं ठीक असेल तर हळू निघा. पहिली दोन-तीन मिनिटं स्पोर्ट मोड नाही, पूर्ण स्टिक नाही.

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा मदतीला असतो. कंपनी ३४ मिनिटं म्हणते त्यातली निम्मी धरून चाला आणि ४० टक्क्यांना परत फिरा. गावी कदाचित २० पर्यंत ताणत असाल, इथे नको.

एक्स्पोजर थोडक्यात: फ्रेमभर बर्फ असला की कॅमेरा तो करडा करून ठेवतो. ०.७ ते १ स्टॉप वर घ्या, हिस्टोग्रामवर नजर ठेवा.

पायरी ६: उतरवणं

ताज्या बर्फावर खूण अशी काहीच नसते, सगळं एकसारखं पांढरं. खालचे सेन्सर जमिनीवरचा पोत बघून ड्रोन स्थिर ठेवतात. त्यांना तिथे काही सापडत नाही. ड्रोन जमिनीजवळ वाहवत जातो, उतरू की नको असं करतो. म्हणून पॅड गडद रंगाचं. शेवटचे दहा मीटर ऑटोवर सोडू नका, स्वतः आणा. ड्रोन हातात झेलणारे लोक दिसतील तुम्हाला. बधिर बोटांनी ते करू नये.

पायरी ७: खोलीत आणणं

आता खरा धोका. ड्रोन उणे १० ला गार झालाय आणि तुम्ही तो घेऊन होमस्टेच्या स्वयंपाकघरात शिरता, कारण अख्ख्या घरात तेवढीच खोली गरम असते. मध्ये बुखारी पेटलेली, तिच्यावर पाण्याचं भांडं, बाजूला थुक्पा उकळतोय, खिडकीच्या काचांवरून थेंब ओघळतायत. ती सगळी वाफ आता तुमच्या ड्रोनवर जमणार. वरचं पाणी पुसता येतं. लेन्सच्या आत, गिंबलच्या मोटरमध्ये आणि सर्किट बोर्डवर जमलेलं पुसता येत नाही. त्यात जर शूट बघायला लगेच ड्रोन चालू केला, तर ओल्या बोर्डमधून वीज जाते, गंज धरतो, आणि ड्रोन आठ-पंधरा दिवसांनी पुण्यात कधीतरी बंद पडतो. मग लोक म्हणतात, ‘काही नव्हतं झालं हो, अचानक गेला.’

क्रम असा ठेवा. दाराबाहेरच बॅटरी काढा. मेमरी कार्डही बाहेरच काढून खिशात टाका, म्हणजे शूट बघायची घाई ड्रोनच्या मुळावर येणार नाही. ब्रशने बर्फ झटका. ड्रोन सिलिका जेलसह झिपलॉकमध्ये घाला, जास्तीची हवा दाबून काढा आणि पिशवी बाहेरच्या कोरड्या हवेतच बंद करा. मग आत न्या. दव आता पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमेल. पिशवी बुखारीपासून लांब ठेवायची आणि ती आतून-बाहेरून कोरडी होऊन ड्रोन खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. दीड-दोन तास लागतात. तेवढ्यात जेवून घ्या.

दिवसभरात पुन्हा उडवायचं असेल, तर ड्रोन आत आणूच नका. बॅगेत बंद करून गाडीत गारच राहू द्या. आत-बाहेर जायचं ते फक्त बॅटऱ्यांनी.

पायरी ८: चार्जिंग

शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत लिथियमचा धातुरूप थर साचतो. तो परत विरघळत नाही. क्षमता जाते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. म्हणून या बॅटऱ्या साधारण ५ ते ४० अंशांमध्येच चार्ज घेतात. स्पितीत झोपायची खोली रात्री पाच अंशांच्या खाली सहज जाते, आणि मग चार्जिंग हबवर लावलेली बॅटरी सकाळी तशीच रिकामी सापडते. चार्जर बिघडला म्हणून त्याला उघडत बसू नका. बॅटरी खिशात तासभर ठेवा, संध्याकाळी बुखारी पेटलेली असताना त्याच खोलीत, पण तिच्यापासून दूर आणि डोळ्यासमोर, चार्जला लावा. वीज जाते-येते, तेव्हा ‘निजताना लावू’ हा बेत नकोच.

पायरी ९: बर्फात पडला तर

आधी बॅटरी काढा. ड्रोन चालू होतो का बघायचा मोह आवरा.

कोरडा बर्फ गार ड्रोनवरून पिठासारखा झटकला जातो. तोच ड्रोन उबेत नेला की बर्फ वितळून फटींतून आत उतरतो. म्हणून सगळी झटकाझटकी बाहेर, ड्रोन गार असतानाच करायची. ब्रश वापरा, मग ब्लोअर. तोंडाने फुंकर मारू नका, उच्छ्वासातली वाफ तिथेच गोठते. बर्फ निघाला की पायरी ७ प्रमाणे पिशवीत. ओल आत गेल्याची शंका असेल तर नव्या सिलिका जेलसह किमान एक दिवस. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ आणि कोंडा मोटरमध्ये जातो. हेअर ड्रायरही नको.

ड्रोन खोलीच्या तापमानाला आला की तपासा. प्रत्येक मोटर बोटाने फिरवून बघा: चारही सारख्या फिरायला हव्यात, कुठे खरखर किंवा अडकणं नको. गिंबल हलक्या हाताने हलवा. ‘गिंबल मोटर ओव्हरलोड’ अशी सूचना बाहेर गारठ्यात असताना आली असेल, तर बऱ्याचदा कारण एवढंच असतं की कॅमेरा टांगलेली छोटी रबरं आणि मागची पातळ फ्लेक्स केबल गारठ्याने कडक झालेली असते, किंवा बर्फाचा कण अडकलेला असतो. ऊब मिळाली की ते जातं. जोर लावून गिंबल वाकवला तर केबल चिरते, आणि मग खर्च खरा सुरू होतो.

पायरी १०: गावात काय दुरुस्त करायचं, काय नाही

प्रोपेलर बदलणं जमायलाच हवं. पात्याच्या कडेला नखाला लागेल एवढी खोच असली तरी पातं टाकून द्या, थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि तडा वाढत जातो. मिनीमध्ये एका मोटरला दोन पाती असतात. बदलताना दोन्ही बदला, नवे स्क्रू लावा. खुणेची पाती खुणेच्या आर्मवर, बिनखुणेची बिनखुणेच्या. उलट लावलं तर ड्रोन उडायच्या ऐवजी कोलांटी मारतो. स्क्रू घट्ट बसला की थांबा, पिळत बसू नका.

फेविक्विक घेऊन गेलात तर कॅमेऱ्यापासून दूर ठेवा. त्याच्या वाफेने लेन्सवर पांढरा थर धरतो. शिवाय ते सुकायला हवेत दमटपणा लागतो, त्यामुळे कोरड्या गारठ्यात रेंगाळतं. बाहेरच्या कवचाची चीर तात्पुरती जोडायला ठीक, पात्याला कधीच नाही.

कवच उघडायचंच असेल तर ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच, नाहीतर आतल्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या तुटतात. आणि स्थिर वीज विसरू नका. कोरडी हवा, लोकरी टोपी, फ्लीसचं जॅकेट, म्हणजे बोटातून ठिणगी ठरलेली. फ्लीस काढून ठेवा, बोर्डला हात लावण्याआधी मोठ्या धातूला स्पर्श करा. बुखारीचं धुराडं सोडून.

फ्लेक्स केबल, तुटलेला आर्म, मोटरचं सोल्डरिंग, बोर्डची सफाई हे घरी. बोर्डवर पांढरट-हिरवट डाग दिसले, तर बॅटरी काढलेल्या अवस्थेत आयसोप्रोपिलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने हळुवार घासायचं आणि पूर्ण उडून जाऊ द्यायचं. हे खिडकी उघडी ठेवून, गॅस-शेगडीपासून दूर.

पडल्यावर बॅटरीकडे वेगळं बघा. सपाट टेबलावर ठेवून डुगडुगते का, कवच फुगलंय का, गोडसर वास येतोय का. यातलं काहीही असेल तर ती चार्ज करू नका, उडवू नका, विमानातही नेऊ नका; ती ई-कचऱ्यात द्यायची. सुयीने टोचून हवा काढण्याचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा, तिला आग लागते.

दुरुस्तीनंतर सपाट जागेवर आयएमयू (ड्रोनचा कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) आणि गिंबल कॅलिब्रेट करा, कंपासची सूचना आली तर गाडीपासून दूर जाऊन तोही. मग माणसं आणि कुत्री लांब ठेवून दीड मीटरवर दोन मिनिटं होव्हर. उतरवून लगेच चारही मोटरना बोट लावा. एखादी बाकीच्यांपेक्षा चांगलीच तापलेली लागली, तर तिच्या बेअरिंगमध्ये काहीतरी आहे. तो ड्रोन त्या ट्रिपपुरता बॅगेत ठेवा.